साथ ओसरल्यावर संशोधकाचे काय?

बेळगावहून खानापूरच्या रस्त्याने निघाले की टिळकवाडी मागे पडते, उद्यमबागेतील कारखाने ओलांडले जातात आणि मग पिरनवाडी लागते. येथून एक वाट खानापूरकडे जाते, तर दुसरी जांबोटीवरून चोर्ला घाट उतरून गोव्यात सत्तरीकडे जाते. भाजी, दूध, काजू आणि मजूर ह्यांची ये-जा ह्या दोन्ही वाटांनी अखंड चालू असते. परंतु वाटेने माणसांबरोबर रोगही प्रवास करतात. त्या रोगांचा माग काढणारा माणूस कोठून येतो, त्याच्या पोटापाण्याची व्यवस्था कोण करतो, आणि ती व्यवस्था अपुरी पडली तर गावाचे काय होते, ह्याचा विचार मात्र साथ दारात उभी राहीपर्यंत सहसा कोणी करीत नाही.

आरंभ घराजवळूनच करू. टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपो श्रोत्यांना ठाऊक आहे तो दाट झाडीसाठी आणि सकाळ-संध्याकाळच्या फिरण्यासाठी. ह्या जागेच्या नावातच तिचा इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात देवीची लस येथे तयार होई. वासरांच्या कातडीवर गोस्तन देवीची लागण करावयाची, फोड आले की त्यांतील द्रव काढून शुद्ध करावयाचा, आणि तो गावोगावी देवी काढणाऱ्यांकडे पाठवावयाचा, असे ते काम होते. भारतातील देवीचा शेवटचा रोगी १९७५ साली आढळला आणि १९८० साली साऱ्या जगातून ह्या रोगाचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. ज्या लशीने हे घडवून आणले ती लस हाताळणारी माणसे वर्षानुवर्षे पगारावर ठेवलेली होती. साथ आली म्हणून त्यांना बोलावले आणि ती गेली म्हणून घरी धाडले, असे झाले असते तर देवी आजही आपल्यात नांदली असती.

आता दुसरे उदाहरण पाहू. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात सरकारने कलकत्त्याहून वाल्डेमार हाफकिन ह्या शास्त्रज्ञास पाचारण केले. त्यांना ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, तिच्यापुढचा व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढाच सरंजाम मिळाला. तेवढ्यावर अवघ्या तीन महिन्यांत त्यांनी प्लेगची लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. पुढे आगाखान ह्यांनी प्रयोगशाळेसाठी आपली वास्तू दिली, आणि १८९९ साली प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात गेली. आज हाफकिन संस्था म्हणून सर्वांना परिचित आहे ती हीच.

ही कथा सांगताना एका खोलीत घडलेल्या चमत्काराचे कौतुक केले जाते. त्यातून कोणी असा निष्कर्ष काढील की, खरा संशोधक पैशावाचूनही काम करतो. तो निष्कर्ष फसवा आहे. मुंबईस येण्यापूर्वी हाफकिन पॅरिसच्या पाश्चर संस्थेत वर्षानुवर्षे शिकले होते आणि भारतात पटकीच्या लशीवर त्यांनी तीन वर्षे काम केले होते. तीन महिन्यांच्या यशामागे त्या सर्व वर्षांची पुंजी होती. साथ आल्यावर खर्च केलेला पैसा साथीपूर्वी घडलेल्या माणसाकडूनच फळ मिळवितो.

संशोधकाच्या जोखमीची बाजूही ह्याच चरित्रात दिसते. १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी लशीची एक बाटली दूषित होऊन १९ माणसे धनुर्वाताने दगावली. दोष हाफकिन ह्यांच्या माथी मारण्यात आला आणि त्यांना पदावरून दूर व्हावे लागले. बाटली गावात उघडतानाच दूषित झाली असावी, हे मान्य होऊन त्यांची मुक्तता व्हावयास १९०७ साल उजाडले. जगभर नाव झालेल्या माणसाची ही दशा, तर ज्याचे नाव अजून व्हावयाचे आहे अशा तरुणाला पाठीशी उभ्या राहणाऱ्या संस्थेची गरज किती असेल, हे वेगळे सांगावयास नको.

अशी संस्था देशात उभी राहिली ती १९११ साली. इंडियन रिसर्च फंड असोसिएशन असे तिचे नाव. तिच्या नियामक मंडळाची पहिली बैठक १५ नोव्हेंबर १९११ रोजी परळच्या ह्याच प्लेग प्रयोगशाळेत भरली. स्वातंत्र्यानंतर, १९४९ साली, तिचे रूपांतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेत झाले आणि परिषदेचे पहिले संचालक झाले डॉ. चिंतामण गोविंद पंडित. संस्थेच्या मूळ नावात 'फंड' हा शब्द होता, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. रोगसंशोधनास बुद्धी लागते तसाच नेमाने येणारा पैसा लागतो, हे त्या काळीच उमगले होते.

ह्या पैशाचे दोन प्रकार असतात, आणि त्यांतील भेद समजल्यावाचून प्रश्नाचे स्वरूप कळत नाही. पहिला प्रकार प्रकल्प-अनुदानाचा. एका ठरावीक कामासाठी, ठरावीक मुदतीसाठी तो एखाद्या प्रस्थापित संशोधकास दिला जातो. त्यातून रसायने, उपकरणे, प्रवास आणि मदतनिसांचा पगार भागतो. दुसरा प्रकार अधिछात्रवृत्तीचा, म्हणजे फेलोशिपचा. ही रक्कम प्रामुख्याने व्यक्तीस दिली जाते. त्या व्यक्तीला स्वतःचा प्रश्न निवडण्याची आणि काही वर्षे त्याच्या मागे लागण्याची मोकळीक मिळते. प्रकल्पातून काम पुरे होते. अधिछात्रवृत्तीतून माणूस तयार होतो.

समजा, पिरनवाडीतील एखादी मुलगी शास्त्र शाखेची पदवी घेते. पदवीची तीन वर्षे, पदव्युत्तर दोन, मग पीएच. डी.ची पाच. १ जानेवारी २०२३ पासून केंद्र सरकारच्या कनिष्ठ अधिछात्रवृत्तीची रक्कम महिना ३७,००० रुपये झाली आहे; दोन वर्षांनी वरिष्ठ अधिछात्रवृत्ती मिळाली की ती ४२,००० होते. ही रक्कम वेळेवर हाती आली तर एकट्या जिवाचे भागते. पाच वर्षे संपली की ती थांबते. तोवर मुलीचे वय अठ्ठावीसच्या घरात गेलेले असते आणि कायमची नोकरी अजून दूर असते. दुसरीकडे तिचाच भाऊ वैद्यक शिकतो. पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण मिळून त्याचीही जवळजवळ तेवढीच वर्षे जातात. दवाखाना घातला तर चार पैसे लगेच मिळतील. संशोधनाची वाट धरली तर दिवसभर रुग्णालयाचे काम आटोपून रात्री प्रयोगवही उघडावी लागेल. मुलीला पैशाचा आधार हवा आणि मुलाला वेळेचा. एकाच घरातील ह्या दोघांच्या अडचणी वेगळ्या असल्या तरी परिणाम एकच होतो. दोघेही तिशीच्या उंबरठ्यावर संशोधन सोडतात.

येथे एक दुष्टचक्रही असते. अनुदान मागणाऱ्यास विचारले जाते, 'आपण पूर्वी काय केले?' पूर्वी काही करावयास अनुदान लागते. ज्येष्ठांच्या अर्जाशी तरुणाचा अर्ज एकाच तराजूत तोलला तर तो हलकाच भरणार. म्हणून तरुणांचा तराजू निराळा ठेवावा, असा विचार पुढे आला. केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनमधील वेलकम ट्रस्ट ह्यांनी २००८ साली मिळून 'इंडिया अलायन्स' ही व्यवस्था सुरू केली. तिच्या आरंभीच्या टप्प्यावरील अधिछात्रवृत्त्या पाच वर्षांच्या असतात आणि डॉक्टरांसाठी त्यांत स्वतंत्र जागा राखलेल्या असतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ह्या कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यास संमती दिली. त्याचा एकूण खर्च १,५०० कोटी रुपये असून त्यातील १,००० कोटी सरकारचे आहेत. वैद्यकीय संशोधन परिषद तर १९७९ पासून वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना अल्प मुदतीची विद्यावृत्ती देते, म्हणजे संशोधनाची चव तरुणास पदवीपूर्वीच घेता येते. दारे आहेत; ती पुरेशी रुंद मात्र नाहीत. २०२०-२१ साली संशोधनावरील देशाचा एकंदर खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता. शंभर रुपयांतील हे चौसष्ट पैसे अवकाशयानापासून शेतीपर्यंत सर्व शास्त्रांनी वाटून घ्यावयाचे आहेत.

संसर्गजन्य रोगांच्या बाबतीत ही उणीव अधिक जाचते, कारण हे रोग येतात, जातात आणि पुन्हा येतात. ह्याचा दाखला आपल्याच डोंगरात आहे. मार्च १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्याच्या सोरब तालुक्यात, क्यासनूरच्या रानात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ रानात जाणारी माणसे तापाने आजारी पडली. प्रथम पीतज्वराची शंका आली. पुण्यात १९५२ साली, वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर प्रतिष्ठान ह्यांच्या सहकार्याने, विषाणु-संशोधन केंद्र सुरू झालेले होते. केंद्राचे संशोधक रानात गेले आणि थोड्याच अवधीत त्यांनी एक नवा विषाणू शोधून काढला. तो गोचिडींतून माणसात येतो, हेही सिद्ध झाले. गावकरी ज्याला माकडताप म्हणतात तो हाच. पाच वर्षांपूर्वी ते केंद्र निघाले नसते तर हा शोध लागावयास कितीतरी काळ गेला असता.

पुढे कित्येक वर्षे हा ताप शिमोग्याच्या परिसरापुरताच मानला गेला. परंतु २०१५ साली तो गोव्यात सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली सिंधुदुर्गात दोडामार्गाकडे, काजूच्या बागांत राबणाऱ्या लोकांत आढळला. म्हणजे चोर्ला घाटाच्या पायथ्याशी तो येऊन पोचला आहे. त्यावर दिली जाणारी जुनी लस पुरेशी गुणकारी नसल्याचे दिसून आल्यामुळे कर्नाटकात २०२२ साली तिचा वापर थांबविण्यात आला. नव्या लशीचे काम परिषदेने हाती घेतले आहे. गोचीड गोळा करणे, ती कोणत्या जातीची हे ओळखणे, मेलेल्या माकडाचा नमुना सुरक्षितपणे पाठविणे, पुण्याच्या कडेकोट प्रयोगशाळेत तो तपासणे, ह्यांतील प्रत्येक पायरीस शिकलेले माणूस लागते. गोचीड ओळखणारा एक जाणता निवृत्त झाला आणि त्याच्या हाताखाली कोणी तयार झालेला नसला, तर पुढल्या हंगामात ती विद्या पैसे मोजूनही विकत मिळत नाही.

ह्या व्यवसायात कमाई बेताची असते, हे अमेरिकेसारख्या धनाढ्य देशातही खरे आहे. शस्त्रक्रिया करणाऱ्याच्या तुलनेने संसर्गजन्य रोगांच्या तज्ज्ञास तेथेही कमी मोबदला मिळतो, कारण त्याचे काम मुख्यतः विचार करणे, पाहणे आणि सल्ला देणे हे असते. रोग टळला तर त्याचे बिल कोणाच्या नावे फाडावयाचे? म्हणूनच ह्या कामाचा भार समाजाने उचलावा लागतो.

बेळगाव ह्या बाबतीत अगदीच दुर्दैवी नाही. जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय येथे १९६३ पासून आहे आणि वैद्यकीय संशोधन परिषदेची एक संस्था २००६ पासून शहरातच काम करीत आहे. येथील हुशार मुलामुलींना पुण्यामुंबईस गेल्यावाचून संशोधनाचा पहिला धडा मिळू शकतो. त्यांच्या घरच्यांनी मात्र एक गोष्ट समजून घ्यावयास हवी. तिशीपर्यंत शिकणारा मुलगा रिकामा बसलेला नसतो, आणि प्रयोगशाळेत राबणाऱ्या मुलीचे शिक्षण लांबलेले नसते. तो त्या कामाचा उमेदवारीचा काळ असतो. सुताराच्या वा गवंड्याच्या हाताखाली उमेदवारी करणाऱ्यास आपण पोटापुरते देतोच. गावोगावचे दानशूर देवळास, चर्चला, शाळेच्या इमारतीस सढळ हाताने देणग्या देतात. त्यांनी एखाद्या तरुण संशोधकाच्या दोन वर्षांची तजवीज केली तर आगाखानांनी दिलेल्या वास्तूसारखेच तेही दान ठरेल. सरकारकडे मागणी करावयाची ती दोन गोष्टींची: मंजूर झालेली विद्यावृत्ती ठरल्या तारखेस हाती पडावी, आणि साथ नसलेल्या वर्षी ह्या खर्चाला कात्री लागू नये.

गोचिडींचा हंगाम हिवाळ्याच्या सुरुवातीस लागतो आणि पावसाळा तोंडावर येईतो चालतो. पुढल्या हंगामात रानात कोणी जाणता माणूस जाईल की नाही, हे त्याच्या आदल्या कित्येक वर्षांत ठरत असते.