झोपेत दात खाणं आणि जंतांवरचा आळ

रात्री पोराचं पांघरूण सारखं करायला गेलं की अंधारात करकर ऐकू येते. दाढेवर दाढ घासल्याचा हा आवाज एवढ्याशा जबड्यातून येतोय यावर विश्वास बसत नाही. सकाळी आजीचं निदान तयार असतं : "पोटात जंत झालेत, औषध द्या."

जंतांचं औषध द्यायला कुणाची ना नाही. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनाला सरकारच शाळा-अंगणवाड्यांतून अल्बेंडाझोलच्या गोळ्या देतं. पण त्या जंतांसाठी आहेत. जंतांमुळे मुलं दात खातात, हे ठोसपणे सिद्ध झालेलं नाही. "पण आमच्या बाळूचं गोळीनंतर थांबलं की!" थांबलं असेल. मुलांचं दात खाणं काही आठवडे चालतं, मध्येच बंद पडतं, पुन्हा सुरू होतं आणि वय वाढेल तसं बहुतेकांचं आपोआप सुटतं. नेमकी त्याच सुमारास गोळी दिलेली असली की श्रेय गोळीला जातं.

मग दात खातं कोण? मेंदू. झोप रात्रभर एकसारखी नसते. अधूनमधून मेंदू काही सेकंदांपुरता जागेपणाच्या काठावर येतो, झोपलेल्याला याचा पत्ताही नसतो. झोपेच्या प्रयोगशाळेत तारा लावून पाहिलं तेव्हा क्रम असा दिसला : आधी मेंदूच्या लहरींची आणि हृदयाची गती वाढते, त्यानंतर जबड्याचे स्नायू आवळतात आणि सगळ्यात शेवटी दात घासले जातात. हे बहुतेक वेळा हलक्या झोपेत होतं.

हा क्रम लक्षात घेतला की "दात वेडेवाकडे आहेत म्हणून घासतात" हा समजही टिकत नाही. एकेकाळी दंतवैद्यांचाही तो समज होता. दाढांचे उंचवटे घासून चावा सपाट करून देत. आज केवळ दात खाणं थांबवण्यासाठी कुणी निरोगी दाढा घासायला निघालं, तर सरळ दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावं. एनॅमल एकदा गेलं की परत येत नाही.

"मनात राग दाबलाय, तो रात्री बाहेर पडतो" हे ऐकायला छान वाटतं, पण ते फार तर अर्धं खरं. ताणाचा हात असतो, पण तो एकटा नसतो. घराण्यात हे चालत आलेलं असू शकतं. रात्रीची दारू, सिगारेट, उशिरापर्यंतची चहा-कॉफी यांनी भर पडते. फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन अशा नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही काहींना हा त्रास सुरू होतो. तसं वाटलं तर डॉक्टरांच्या कानावर घाला. गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

आवाज येत नाही म्हणजे आपण त्यातले नाही, असंही नाही. कित्येक जण दात न घासता नुसतेच गच्च आवळून धरतात आणि शेजारी झोपलेल्याला काही कळत नाही. सकाळी कानशिलं ठणकतात, जबडा जड वाटतो, जिभेच्या कडेवर दातांचे ठसे दिसतात, भरलेल्या दाढेचा टवका उडतो. कानाखाली, जबड्याच्या कोनावर बोट ठेवून दात आवळून बघा, टणक गोळा हाताला लागेल. रात्री राबतो तो हा स्नायू. काहींचा तो इतका वाढतो की चेहरा चौकोनी दिसू लागतो. उलट, झिजलेले दात दिसले म्हणून लगेच निष्कर्ष काढू नये. मशेरी, कोल्ड्रिंक, रोजचं लिंबूपाणी आणि घशाशी येणारं आम्लही दात झिजवतं.

साधारण ८ टक्के प्रौढ झोपेत दात खातात. प्रत्येकाला उपचार लागत नाहीत. इतर काही आजार नसेल तर हा रोग मानू नये, अशी भूमिका २०१८ मध्ये या विषयातल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी मांडली. त्यातून नुकसान होतंय का, एवढं पाहावं.

होत असेल तर झोपताना दातांवर बसवायचं प्लास्टिकचं नाइट गार्ड मिळतं. त्याने दात खाणं बंद होत नाही. काही महिन्यांनी ते उजेडात धरलं की घासल्याच्या चकचकीत रेघा दिसतात. दातांवर उठल्या असत्या त्या प्लास्टिकवर उठल्या, एवढाच त्याचा उपयोग आणि तोही थोडका नाही. मात्र ते दातांचं माप देऊनच करून घ्यावं. बोटॉक्सच्या इंजेक्शनने स्नायूचा जोर काही महिने कमी होतो, मेंदूचा हुकूम सुटायचा तो सुटतोच.

सगळ्यात दुर्लक्षित राहतं ते घोरणं. दात खाणारा मोठ्याने घोरत असेल, झोपेत श्वास अडकून दचकत असेल, दिवसा पेंगत असेल, तर स्लीप अॅप्नियाची तपासणी आधी करा, गार्डचं नंतर बघू. मूल तोंड उघडं टाकून झोपत असेल आणि घोरत असेल, तर टॉन्सिल किंवा अॅडिनॉइड वाढलेत का हे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. जंतांची गोळी दिली म्हणून ही तपासणी टाळू नका.