मोळी सुटते तेव्हा

फळमाश्यांचा एक वाण असा आहे, की ईथरने बेशुद्ध केल्यावरही त्यांचे पाय थरथरत राहतात. म्हणून त्याचं नाव ‘शेकर’. १९८७ मध्ये या थरथरीमागचं जनुक हाती लागलं. त्यातून घडणारं प्रथिन म्हणजे मज्जापेशीच्या पटलातलं पोटॅशियमचं दार, म्हणजेच चॅनेल. सोडियम आत शिरला की पेशी उत्तेजित होते, आणि पोटॅशियम बाहेर पडला की शांत होते. या माश्यांमध्ये ते दार नीट काम करत नाही, म्हणून पेशी वेळेवर शांतच होत नाही.

या दाराची मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट म्हणजे सोडियमचा आयन आकाराने लहान असूनही इथून जाऊ शकत नाही. याचं उत्तर १९९८ मध्ये रॉडरिक मॅकिनन यांनी मातीतल्या एका जिवाणूच्या चॅनेलची क्षकिरणांनी रचना उलगडून दिलं. वाटेत साधारण १.२ नॅनोमीटर लांबीचा अरुंद भाग आहे. आत शिरताना पोटॅशियमला आपल्याभोवतीचं पाणी सोडावं लागतं. तिथे रांगेत असलेले ऑक्सिजनचे अणू त्या पाण्याची जागा नेमक्या अंतरावरून भरून काढतात. सोडियमच्या मापाला ते अंतर बसत नाही. पाणी सोडणं त्याला परवडत नाही. इतकी काटेकोर निवड करूनही सेकंदाला दहा कोटींच्या घरात आयन जाऊ शकतात! मॅकिनन यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

पण निवड करणारी जागा वेगळी आणि उघडझाप करणारी वेगळी. शेकरच्या जातीच्या चॅनेलमध्ये ही उघडझाप करणारी जागा पेशीच्या आतल्या बाजूला असते. चॅनेलच्या चार घटकांच्या चार सर्पिल दांड्या तिथे मोळीसारख्या एकत्र येतात आणि वाट बंद होते. ही मोळी सोडवतो विद्युतदाब. पटल जेमतेम चार नॅनोमीटर जाड, त्यावर सुमारे ७० मिलिव्होल्टचा फरक. म्हणजे मीटरमागे दीड कोटी व्होल्टहून अधिक! प्रत्येक घटकात धनभारित अर्जिनिनांची एक दांडी असते. पेशी शांत असताना आतला ऋणभार तिला आत ओढून धरतो. दाब बदलला की ती बाहेरच्या दिशेने सरकते, तिला जोडलेला दुवा मोळीवरचा ताबा सोडतो, दांड्या वाकून फाकतात आणि वाट मोकळी होते.

उघडलेलं दार काही मिलिसेकंदांत पुन्हा बुजतं, तेही वेगळ्याच युक्तीने. प्रथिनाच्या टोकाशी साखळीला लटकलेला गोळा असतो. तो आतून वाटेत जाऊन बसतो. १९९० मध्ये होशी, झागोट्टा आणि ऑल्ड्रिच यांनी तो कापून टाकला, तर चॅनेल उघडाच राहिला. मग त्या गोळ्याचा प्रथिन-तुकडा सुटाच द्रावात सोडला, आणि वाट पुन्हा बुजू लागली. इतका स्वच्छ पुरावा विज्ञानात क्वचितच मिळतो.

सगळीच दारं विद्युतदाबाने हलत नाहीत. स्वादुपिंडाच्या बीटा पेशीतलं पोटॅशियमचं दार एटीपी हा पेशीचा ऊर्जा-रेणू बंद करतो. साखर वाढली की एटीपी वाढतं, दार बंद होतं, पेशी उत्तेजित होते, कॅल्शियम आत येतं आणि इन्सुलिन बाहेर पडतं. ग्लिबेनक्लामाइडसारख्या मधुमेहाच्या गोळ्या हेच दार दुसऱ्या मार्गाने बंद करतात. काही बाळांच्या या चॅनेलमध्ये असा जन्मजात दोष असतो, की एटीपीने चॅनेल पुरेसा बंद होत नाही आणि त्यांना मधुमेह होतो. २००४ मध्ये तो दोष ओळखला गेला. मग इन्सुलिनच्या सुयांऐवजी अशा गोळ्या देऊन पाहिल्या. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा ४९ रुग्णांपैकी ४४ जणांचं इन्सुलिन थांबवता आलं.