नाव न सांगणारा माणूस आणि अर्सुला

ऑगस्ट १९११. कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावाजवळच्या कत्तलखान्याच्या आवारात उपासमारीनं खंगलेला एक माणूस सापडला. ‘याही’ नावाच्या जमातीतला तो शेवटचा. त्याची माणसं गोऱ्या वसाहतवाल्यांनी मारली होती आणि वाचलेली थोडी लपून जगता जगता संपली होती. मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांनी त्याला सॅन फ्रान्सिस्कोला, विद्यापीठाच्या संग्रहालयात राहायला आणलं. नाव विचारलं तर तो सांगेना. परक्यापुढे स्वतःचं नाव स्वतः घ्यायचं नाही, ही त्याच्या लोकांची रीत होती आणि त्याच्या वतीनं ते सांगेल असं आपलं माणूस उरलंच नव्हतं. मग क्रोबर त्याला ‘ईशी’ म्हणू लागले. त्याच्या भाषेत ईशी म्हणजे माणूस. १९१६ मध्ये क्षयानं तो गेला आणि त्याचं खरं नाव त्याच्याबरोबरच गेलं.

त्यानंतर तेरा वर्षांनी, २१ ऑक्टोबर १९२९ रोजी, बर्कलीत क्रोबरांना मुलगी झाली. तीच पुढे विज्ञानकथा आणि अद्भुतकथा या दोन्ही प्रांतांत मानानं घेतलं जाणारं नाव झाली : अर्सुला ले ग्विन. ईशीचं चरित्र तिच्या आईनं, थिओडोरा क्रोबर यांनी, १९६१ मध्ये लिहिलं. लेकीच्या कादंबऱ्या वाचताना मला तो नाव न सांगणारा माणूस पुन्हापुन्हा आठवतो. हा धागा मी जोडलेला आहे, पण तो सैल नाही.

अकराव्या वर्षी तिनं एका विज्ञानकथा मासिकाला गोष्ट पाठवली आणि ती साभार परत आली. पुढे रॅडक्लिफ आणि कोलंबियात शिक्षण झालं. १९५३ मध्ये फ्रान्सला निघालेल्या बोटीवर इतिहासाचे अभ्यासक चार्ल्स ले ग्विन भेटले आणि त्याच वर्षी पॅरिसमध्ये लग्न झालं. मग पोर्टलंड, तीन मुलं, आणि मुलं झोपल्यावर रात्री लेखन. ओर्सिनिया या काल्पनिक युरोपीय देशावरच्या कादंबऱ्या प्रकाशक परत करत राहिले. विज्ञानकथेच्या मासिकांनी मात्र १९६२ पासून ले ग्विन यांच्या कथांना जागा दिली.

१९६८ मध्ये ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ आली. शेकडो बेटांच्या या जगात जादू म्हणजे वस्तूचं खरं नाव ठाऊक असणं. तिथल्या जादूच्या शाळेतली मुलं एका एकाकी मनोऱ्यात बसून नावांच्या याद्या घोकतात. ज्याला तुमचं खरं नाव कळलं, त्याच्या हाती तुमचा जीव. म्हणून ते फक्त जिवलगाला सांगायचं. नवऱ्याचं नाव घ्यायला उखाण्याचा आडोसा लागे अशा घरांत आपल्या आज्या नांदल्या, तेव्हा नावात काहीतरी जोखमीचं असतं हे आपल्याला नव्यानं समजावून घ्यावं लागत नाही. कथेचा नायक गेड गर्वाच्या भरात एक सावली जगात सोडतो आणि तिला नाव नाही म्हणून तिच्यापुढे हतबल होतो. शेवटी तो तिला कोणत्या नावानं हाक मारतो, ते पुस्तकातच वाचावं. गेडचा रंग तांबूस तपकिरी आहे आणि त्याचा मित्र काळा आहे. हे ले ग्विन यांनी ठरवून केलं होतं. २००४ च्या दूरचित्रवाणी मालिकेनं गेडला गोरा केला, तेव्हा त्यांनी उघडपणे निषेध नोंदवला.

‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ १९६९ ची. गेथेन या बर्फाळ ग्रहावरचे लोक एरवी स्त्रीही नसतात आणि पुरुषही नसतात. दर महिन्यात काही दिवस त्यांच्यात एक लिंग जागं होतं, आणि दर खेपेला तेच असेल असं नाही. एका मुलाची आई दुसऱ्या मुलाचा बाप असू शकते. इतकं सगळं उलटंपालटं करूनही ले ग्विन यांनी या माणसांसाठी सर्वनाम वापरलं ते पुरुषाचं. टीका झाली. १९७६ च्या निबंधात त्यांनी आपली बाजू मांडली आणि अकरा वर्षांनी त्याच निबंधाला टिपा जोडून चूक कबूल केली. मला त्यांच्या कादंबऱ्यांइतकाच हा निबंध मोलाचा वाटतो. मराठीत तर पेच आणखी अवघड झाला असता. इंग्रजीत सर्वनामापुरता प्रश्न. आपल्याकडे आला, आली, थकलेला, थकलेली, प्रत्येक क्रियापद साक्ष देतं. ‘ते आलं’ म्हणावं, तर डोळ्यांपुढे लेकरू उभं राहतं.

१९६९ मध्येच ‘प्लेबॉय’नं त्यांची एक कथा छापली, पण लेखक बाई आहे हे वाचकांना कळू नये म्हणून नावाची फक्त आद्याक्षरं घालू द्या, असं सांगून. त्यांनी होकार दिला. त्या वेळी ते नुसतंच विचित्र वाटलं, त्यातलं गांभीर्य ध्यानात आलं नाही, असं त्यांनी पुढे लिहिलं.

‘द डिस्पझेस्ड’ (१९७४) मध्ये अनारेस नावाच्या कोरड्या, गरीब ग्रहावर सरकार नाही आणि मालमत्ताही नाही. बाळाचं नाव संगणक ठरवतो. एक नाव एकाच माणसाचं, म्हणून घराणं चालवायला आडनाव उरत नाही. तिथल्या भाषेत लोक ‘माझं’ म्हणणंही टाळतात. मात्र हा स्वर्ग नव्हे. शेवेक या भौतिकशास्त्रज्ञाची कोंडी तिथंही होते, शेजाऱ्यांच्या मताच्या धाकानं. आपल्याला प्रिय असलेल्या व्यवस्थेतली भेग इतक्या प्रेमानं दाखवणारी दुसरी कादंबरी मी वाचलेली नाही. आधीच्या कादंबरीप्रमाणे हिलाही ह्यूगो आणि नेब्युला हे दोन्ही पुरस्कार मिळाले.

२२ जानेवारी २०१८ रोजी, ८८ व्या वर्षी, पोर्टलंडमध्ये त्या गेल्या. तीन वर्षांनी बर्कलीच्या विद्यापीठानं मानववंशशास्त्राच्या इमारतीवरचं क्रोबर हे नाव काढलं. ईशीच्या मृत्यूनंतर त्याचा मेंदू क्रोबर यांनीच स्मिथसोनियन संस्थेकडे पाठवला होता आणि तो त्याच्या नातलग जमातींच्या हाती यायला २००० साल उजाडलं होतं.

१९८५ मध्ये ले ग्विन यांनी ‘शी अननेम्स देम’ ही छोटीशी कथा लिहिली. तिच्यातली ईव्ह प्राण्यांना माणसानं दिलेली नावं काढून घेते. मांजरांना त्याचं काहीच वाटत नाही, त्यांची नावं त्यांच्यापाशी आधीपासून आहेतच. नावं गळून पडतात तशी ती सगळी जनावरं तिला पूर्वीपेक्षा जवळची वाटू लागतात. मग ती स्वतःचं नावही ॲडमला परत करते आणि त्यांच्यासोबत निघते. आता प्रत्येक शब्द तिला सावकाश, जपून उच्चारावा लागणार असतो.