दुडकीत कंबर का धरते?

घोडा दुडक्या चालीने निघाला की नवशिक्याची कंबर खिळखिळी होते. या चालीत कर्णरेषेतले दोन पाय एकदम पडतात आणि घोड्याची पाठ दर ठोक्याला उसळते. म्हणून स्वार एका ठोक्याला उठतो, दुसऱ्याला बसतो.

पण उठायचे कशाच्या बळावर? अनेकजण रिकिबीवर जोर देतात, काही चक्क लगामाला लोंबकळतात. हिसका बसतो बिचाऱ्या घोड्याच्या तोंडाला. खरे तर घोड्याची उसळीच स्वाराला वर नेते. त्याने फक्त खुबा पुढे जाऊ द्यायचा आणि उतरताना खोगिरावर हलके टेकायचे. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांचे खुब्यापुढचे स्नायू आखडलेले असतात. मग खुबा पुरता उघडत नाही, त्याची भरपाई कंबर मागे वाकून करते आणि दुखू लागते.

थांबलेल्या घोड्यावर, कशालाही न धरता, रिकिबीत उभे राहून पाहावे. मागे पडलात तर पाय फार पुढे आहेत. पुढे कलंडलात तर फार मागे. कान, खांदा, खुबा, टाच एका रेषेत हवेत. गुडघे आवळले की टाच वर येते, पाऊल रिकिबीत आरपार घुसते आणि पडल्यावर माणूस फरफटत जातो. रिकिबीत फक्त चवडा ठेवावा, बुटाला टाच असावी, डोक्यावर हेल्मेट. मणक्याची चकती सरकलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच खोगिरावर बसावे.