सोय हवी, पण खुलासाही हवा

'मार्च-१' हे एका मानवी जनुकाचे रूढ संक्षिप्त नाव होते. एक्सेलच्या तक्त्यात ते लिहिले की संगणक त्यास १ मार्च ही तारीख समजे आणि कोणासही न विचारता तसा बदल करून मोकळा होई. हा घोटाळा २००४ मध्येच शास्त्रीय नियतकालिकात नोंदला गेला होता. तरीही २०१६ च्या एका पाहणीत, जनुकांच्या याद्या एक्सेलच्या तक्त्यांत जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंध सदोष आढळले. अखेर २०२० मध्ये जनुकांचे नामकरण करणाऱ्या समितीने अशी नावेच बदलली! हे रूपांतर बंद ठेवण्याची सोय त्यानंतर, २०२३ मध्ये झाली.

हा प्रश्न केवळ प्रयोगशाळांचा नाही. कारकुनाने '०४२' हा हजेरी क्रमांक लिहावा आणि तक्त्यात '४२' उरावा. सोळा अंकी खातेक्रमांक संख्या म्हणून भरावा आणि त्याचा शेवटचा अंक शून्य व्हावा, कारण एक्सेल संख्येचे पंधराच अंक राखते. या मर्यादा उत्पादकांनी लिहून ठेवलेल्या आहेत, हे खरे. परंतु चूक घडते त्या जागी त्यांची वाच्यता होत नाही.

म्हणून सुलभतेलाच दोष देणे मात्र अन्यायाचे ठरेल. आज्ञा पाठ केल्याशिवाय संगणक हलत नसे, तेव्हा तो मूठभर तज्ज्ञांपुरताच राहिला होता. सोपेपणानेच तो शाळा-कचेऱ्यांत पोहोचला. तथापि सोपे करणे म्हणजे लपविणे नव्हे. या संदर्भात बेल प्रयोगशाळेतील युनिक्स प्रणालीची ३ नोव्हेंबर १९७१ ची माहितीपुस्तिका आजही अभ्यसनीय आहे. तीत प्रत्येक आज्ञेचे कार्य थोडक्यात सांगून, ज्ञात उणिवांसाठी स्वतंत्र मथळा योजलेला होता. नवशिक्याला ती पुस्तिका रूक्षच वाटे. परंतु जाणकाराला साधन कोठे दगा देईल, हे आधीच कळत असे.

उणिवांची अशी कबुली आज विरळ का झाली, याचे उत्तर अर्थशास्त्र देऊ शकते. आकर्षक पडदा पाहून ग्राहक वस्तू घेतो. पुस्तिका पाहून घेणारा क्वचितच. पुस्तिका लिहिण्याचा खर्च उत्पादकाच्या हिशेबात दिसतो. ती अपुरी असल्याचे नुकसान मात्र असंख्य वापरणाऱ्यांच्या वाया गेलेल्या तासांत विखुरते आणि कोणाच्याच ताळेबंदात येत नाही. खर्च एकाचा व झळ दुसऱ्याला, अशी विभागणी असली की बाजार आपण होऊन ही उणीव भरून काढील, ही आशा फोल आहे.

यास्तव सरकारी कार्यालये, विद्यापीठे व बँका यांनी सॉफ्टवेअर खरेदी करतानाच संपूर्ण माहितीपुस्तिकेची अट घातली पाहिजे. साधन न सांगता कोणते बदल करते, त्याच्या मर्यादा कोणत्या आणि नव्या आवृत्तीत काय बदलले, या तीन प्रश्नांची उत्तरे तीत असावीत. पडद्यावर त्यांचा भार नको. पण शंका येईल तेथून त्यांच्यापर्यंत सरळ वाट हवी. आजचा नवशिका दोन वर्षांनी जाणकार होतो. त्याला कायम नवशिकाच समजणारे साधन सोयीचे असेल, विश्वासार्ह नव्हे.