ऊसतोडीला निघण्यापूर्वी शाळेचा अहवाल

दसरा झाला की बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील गावांत कोयत्यांना धार लागू लागते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि दिवाळी आटोपताच कुटुंबेच्या कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. बीड जिल्ह्यातील अशाच एका गावच्या प्राथमिक शाळेने या धामधुमीपूर्वी पालकसभा भरवून मुलांच्या प्रकृतीची व अभ्यासाची सहामाही हकीकत पालकांपुढे मांडली. रब्बी ज्वारीच्या बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक उरकून मी परतत होतो. गुरुजींनी आग्रहाने थांबवून घेतले. तेथे जे ऐकावयास मिळाले ते आमच्या शेतकरी बंधुभगिनींच्या उपयोगाचे असल्यामुळे येथे देत आहे.

सभेचा आरंभ उंची-वजनाच्या नोंदींनी झाला. पाच ते दहा वर्षांच्या निरोगी मुलाचे वजन वर्षाकाठी साधारणतः दोन ते तीन किलो आणि उंची पाच ते सहा सेंटिमीटर वाढावयास हवी. तक्त्यावरून बोट फिरवीत शिक्षिकाबाईंनी दाखविले की, गेल्या हंगामात फडावर जाऊन आलेल्या कित्येक मुलांचे वजन दिवाळीला होते तेवढेच पाडव्यालाही राहिले. कोणाही मुलाचे नाव त्यांनी सर्वांदेखत वाचले नाही. ज्याच्या-त्याच्या आईबापांना बाजूस घेऊन सांगितले. ही रीत मला फार आवडली.

याचे कारण शोधावयास दूर जावे लागत नाही. शाळेतील दुपारच्या जेवणात पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलास १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ व ५० ग्रॅम भाजी ठरलेली आहे. त्यातून ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत असा हिशेब आहे. फडावर हे जेवण बंद होते. पहाटे थापलेली भाकरी व चटणी यांवरच दिवस निघतो, आणि वाढे बांधता बांधता मुलाने काय खाल्ले हे पाहण्यास आईला उसंत नसते.

पुढे रक्ताचा विषय निघाला. पाच ते अकरा वर्षांच्या मुलाच्या रक्तातील हिमोग्लोबिन ११.५ ग्रॅमहून कमी असेल तर तो पंडुरोग समजावा. असे मूल लवकर दमते व धडा चालू असता पेंगते. आपण त्यास आळशी म्हणतो! याकरिता शाळेत आठवड्यातून एकदा गुलाबी गोळी दिली जाते. तीत ४५ मिलिग्रॅम लोह असते. गोळी घेतल्यावर शौचास काळसर होते म्हणून एका मातेने ती बंद करविली होती. वास्तविक तसे होणे स्वाभाविक असून त्यात भय नाही. मात्र गोळीवर किंवा जेवणावर लागलीच चहा देऊ नये, चहाने लोह अंगी लागत नाही. उलट डाळीवर लिंबू पिळल्यास ते अधिक लागते. गोळ्या घरी ठेवावयाच्या झाल्यास लहानग्यांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात, कारण एकदम पुष्कळ खाल्ल्यास विषबाधा होते.

येथे मला दोन शब्द बोलण्याची संधी मिळाली. शाळेच्या परसबागेत शेवग्याची दोन झाडे आहेत, पण पाल्याची भाजी करण्याचा रिवाज गावात फारसा नाही. हरभऱ्याचा कोवळा पाला आपण आवडीने खातो, तसाच हाही खावा. ज्यांच्याकडे बाजरी होते त्यांनी धनशक्ती या वाणाची चौकशी करावी. दाण्यात लोह अधिक असावे म्हणूनच तो निवडलेला असून २०१४ साली अधिसूचित झाला आहे.

जंतांच्या गोळीसंबंधी गुरुजींनी थोडक्यातच सांगितले. राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ पासून पाळला जातो व गोळी मुलाने चावून खावयाची असते. पण अंकुशकृमी अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतो, हे पुष्कळांना नवे होते. मुलांना पायताण हवे, आणि शौचास उघड्यावर बसणे टाळावयास हवे.

एक गोष्ट मात्र मला तेथेच बोलावी लागली. भिंतीशी ठेवलेल्या दप्तरांत एका मुलाची पाण्याची बाटली कीटकनाशकाची होती! लेबलावरील त्रिकोण अजून पिवळा दिसत होता, म्हणजे औषध अति विषारी वर्गातले. बाटली धुतली होती, असे आईचे म्हणणे. धुण्याने विष पुरते जात नाही. असे डबे रिकामे होताच भोके पाडून निकामी करावेत.

शेवटी अभ्यास. तिसरी संपेतो मुलाने मिनिटास निदान ६० शब्द समजून वाचावे व ९९९९ पर्यंतच्या संख्या वाचाव्या-लिहाव्यात, असे २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत कार्यक्रमाचे ध्येय आहे. तिसरीतील एका मुलीने एक उतारा न अडखळता वाचला. तिच्याच वर्गातील, गेल्या वर्षी फडावर गेलेला मुलगा अजून अक्षराला अक्षर जोडीत होता. बुद्धीने तो उणा नाही. पाढे त्याचे तोंडपाठ होते.

मुलीचे वडील उठून म्हणाले, “साहेब, माघारी ठेवावं तर म्हातारीला दिसत न्हाई, अन् संगं न्यावं तर धाकट्याला सांभाळायला तीच हाये.” मजजवळ यास उत्तर नव्हते. गुरुजींनी मार्ग सांगितले. हंगामी वसतिगृहाची सोय होत असेल तर मूल नातलगांकडे वा गावीच राहून शिकू शकते, त्यासाठी नाव आताच द्यावे. न्यावेच लागले तर शिक्षण हमी कार्ड मागून घ्यावे आणि कारखान्याजवळच्या शाळेत दाखवावे. दाखला उशिरा आला म्हणून ती शाळा प्रवेश नाकारू शकत नाही; २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने तशी तरतूद केली आहे.

पुढील आठवड्यात हरभऱ्याच्या बियाण्यासाठी ते गृहस्थ माझ्याकडे आले होते. वसतिगृहाच्या यादीत त्यांनी मुलीचे नाव घातले आहे. धाकट्याला आत्याकडे ठेवण्याचे बोलणे चालू आहे. आत्याचा होकार अजून आलेला नाही, आणि गाड्या चार दिवसांनी भरावयाच्या आहेत.