सासूबाईंचा विसर आणि मोसंबीची बाग

"वय झालं त्यांचं, चालायचंच!" घरातलं वडीलधारं माणूस विसरू लागलं की असं म्हणून आपण मोकळ्या होतो. पण मैत्रिणींनो, जरा नीट बघा. सासूबाईंना नातवंडांची नावं, जुने मानपान सगळं आठवतं. चुकतो तो पुरणपोळीचा क्रम. पुरण वाटून तयार, आणि कणीक भिजवायचीच राहिली! आठवायला वेळ लागतो. खूण सांगितली की पटकन आठवतं. चालही मंदावते. हा विसर मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांचा असू शकतो.

आपल्या जालन्याच्या मोसंबीच्या बागा आठवा. २०१२-१३च्या दुष्काळात पाणीच नव्हतं, बागा वाळल्या. ते दुःख वेगळं. पण विहिरीला पाणी असून ठिबकच्या नळ्या क्षारानं तुंबल्या तर? मोटार चालू, मोठा पाइप भरलेला, तरी कडेची झाडं सुकतात. मेंदूचं तसंच. शरीराच्या वजनात त्याचा वाटा अवघा २ टक्के, पण हृदयातून निघालेल्या रक्तातलं १५ ते २० टक्के त्याला लागतं. वर्षानुवर्षं रक्तदाब चढलेला राहिला, जोडीला मधुमेह किंवा तंबाखू असली (मशेरी ही तंबाखूच बरं का!), की बारीक वाहिन्या जाड आणि ताठर होतात. मेंदूचा जो भाग कामाला लागेल तिथं जास्त रक्त जायला हवं. ताठर वाहिनी रुंदावतच नाही. मग एका भागाचा निरोप दुसऱ्याकडे नेणारे तंतू झिजतात. एमआरआयमध्ये तिथं पांढरे डाग दिसतात.

झालेली झीज भरून काढणारं औषध नाही. पुढची मात्र कमी करता येते. २०१९ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. वरचा रक्तदाब १२०च्या खाली ठेवायचा प्रयत्न केलेल्या लोकांत स्मरणशक्तीच्या सौम्य तक्रारी कमी आढळल्या. हा आकडा सरसकट सगळ्यांचा नव्हे, आपला आपण डॉक्टरांना विचारायचा. आणि दाब उतरला म्हणून गोळी परस्पर बंद करायची नाही. तो गोळीनंच उतरलेला असतो ना! लोणचं-पापड कमी करा. दिवसाचं सगळं मिळून मीठ एक चमचा, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत हवं.

सासूबाईंना दाखवायला न्याल तेव्हा तुमचाही दाब मोजून घ्या. शेवटचा कधी मोजला होता? बाळंतपणात? तेव्हा वाढला असेल, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा.